वेलांटीला वेगळा पाट

चाकणला आमच्या कारखान्यात गाड्यांच्या तारांच्या जुड्या बनतात. दिवा, भोंगा, काच वरखाली करणारी मोटर, या सगळ्यांना वीज पोचवणाऱ्या रंगीत तारा एका जाड वेणीत बांधायच्या आणि वेणीच्या टोकांना भोकाभोकांचे प्लास्टिकचे जोड बसवायचे, एवढंच ते काम. बांधलेली जुडी मग टेस्टरवर खोचतात. बरोबर असली की हिरवा दिवा. चुकली की लाल दिवा आणि वर असा भोंगा, की शेजारच्या कंपनीतल्या माणसालाही कळावं, इथे कोणाचं तरी चुकलं. त्या टेस्टरच्या पोटातला प्रोग्रॅम मी लिहितो. वय पन्नाशीच्या दारात. रोज दिघीहून कंपनीच्या बसने येतो, आणि बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते, कारण मी बोलतो.

तर बोलतोच.

आमच्या सॉफ्टवेअर विभागात सहा माणसं आणि सहा तऱ्हा. एक जण ओळीच्या सुरुवातीला दोन मोकळ्या जागा सोडायचा, दुसरा चार, तिसरा मनाला येईल तेवढ्या. कंस ओळीच्या शेवटी उघडावा की पुढच्या ओळीत, यावरून दोन चांगल्या घरच्या माणसांनी आठवडाभर एकमेकांशी अबोला धरला होता. हा तंटा मिटवायचं मी मनावर घेतलं. आम्ही ज्यात कोड लिहितो त्या एडिटरमध्ये फॉर्मॅटर नावाची एक सोय असते. तुम्ही कसाही कोड लिहा, सेव्ह केला की तो क्षणात विंचरून, भांग पाडून तुमच्यासमोर उभा करते. मी तो फॉर्मॅटर सगळ्यांच्या एडिटरमध्ये बसवला आणि मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर प्रात्यक्षिक ठेवलं. विभागातली सगळ्यात गचाळ फाइल उघडली. हात वर नेला. थांबलो. खोलीवरून एक नजर फिरवली. आणि बटण दाबलं. फाइल जागच्या जागी शहाणी झाली. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी "वा राव!" म्हणालं.

टाळ्यांच्या भरात मी दोन नियम जाहीर केले. एक, फॉर्मॅटरमधून न गेलेला कोड, सगळ्यांचा कोड जिथे जमा होतो तो सर्व्हर परत पाठवेल. दोन, कोणालाही सूट नाही. हा दुसरा नियम महत्त्वाचा, कारण 'इथून इथपर्यंत हात लावू नकोस' असं फॉर्मॅटरला सांगणारी एक छोटी टीप कोडमध्ये लिहिता येते, आणि मागे एकदा आमच्या बहाद्दरांनी ती टीप प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहून ठेवली होती. म्हणून मी सर्व्हरला शिकवलं, ती टीप दिसली की कोड परत. दाराला बाहेरून कडी घातली, आणि मी स्वतःच आत होतो, हे मला चार दिवसांनी कळलं.

त्याचं असं झालं. जुडी बरोबर आहे हे टेस्टरला कसं समजतं? तर प्रोग्रॅममध्ये एक तक्ता असतो. एका ओळीत एक तार. तिचा रंग, ती कुठल्या भोकातून निघते, कुठल्या भोकात जाते आणि तिची जाडी. टेस्टर त्या तक्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तक्ताच चुकला तर तो चुकीच्या जुडीला हिरवा दिवा दाखवेल आणि बरोबर जुडीवर बोंब मारेल. म्हणून नवीन मॉडेल आलं की आधी तो तक्ता माणसाने तपासायचा. आमच्याकडे ते माणूस म्हणजे ताई.

ताई पुनावळ्याच्या, तिथल्या जुन्या घरातल्या. त्यांच्या घराच्या चारी बाजूंना आता बावीस-बावीस मजले चढले आहेत, पण त्यांच्या बोलण्यातलं 'व्हय' आणि 'न्हाई' तळमजल्यावरच आहे. लाईनवरच्या त्या सगळ्यात जुन्या. त्यांची तपासायची पद्धत अशी: प्रोग्रॅममधला तक्ता जसाच्या तसा कागदावर छापून घ्यायचा, त्यावर स्टीलची पट्टी ठेवायची आणि पुकारा सुरू करायचा.

"लाल! बारा! सव्वीस! दीड!"

समोर त्यांची जोडीदारीण, लातूरकडची, मंजूर झालेली नमुन्याची जुडी मांडीवर घेऊन बसलेली. ती लाल तार पकडते, बोट बाराव्या भोकावरून सव्विसाव्या भोकावर नेते, जाडी बघते आणि ओरडते, "हाय!" पट्टी एक ओळ खाली. "पिवळा! सात! एकेचाळीस! पाऊण!" "हाय!" शंभरएक तारांचा तक्ता पंचवीस मिनिटांत खलास. सोसायटीत हाऊसी पुकारणाऱ्यांनी येऊन शिकून जावं असा तो आवाज. कंप्रेसर चालू असतानाही पार पॅकिंगपर्यंत ऐकू जातो.

हे इतकं झपाट्याने होतं ते सरळ रकान्यांमुळे. मी वर्षानुवर्षं स्पेसबार बडवून तक्त्यातलं सगळं रंगाखाली रंग, आकड्याखाली आकडा असं बसवत आलो होतो. माझ्या फॉर्मॅटरने ते एका सेव्हमध्ये विस्कटलं. जिथे दहा मोकळ्या जागा होत्या तिथे एक ठेवली. ओळीत जागा शिल्लक दिसली तिथे खालच्या तारा वर ओढल्या. एकेका ओळीत तीन-तीन तारा, शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून बसल्यासारख्या. प्रोग्रॅमच्या दृष्टीने काहीसुद्धा बदललं नव्हतं. मशीनला मोकळ्या जागा दिसत नाहीत. ताईंना दिसतात.

मंगळवारी सकाळी कागद खाली गेला आणि पुकारा अडखळला.

"लाल! बारा! सव्वीस... थांब गं. ह्यो दीड लालचा का पिवळ्याचा?"

पट्टी ठेवावी तर पट्टीवर तीन तारा. नजर घसरली की शोध पुन्हा पहिल्यापासून. दोन तास गेले, लाईन थांबून राहिली, आणि नेमके तेव्हाच आमचे प्लांट मॅनेजर फेरीवर आले. वयाने आम्हा दोघांपेक्षा बरेच लहान. माणूस वाईट नाही, पण हातात सतत फोन आणि फोनमध्ये सतत स्टॉपवॉच.

"टेस्टर आहे ना?" ते म्हणाले. "मग हे कागद कशाला?"

मी सांगितलं की टेस्टर जुडी तपासतो, पण टेस्टरला कोण तपासणार? त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ठीक आहे. शनिवारी माझ्यासमोर करून दाखवा. अर्ध्या तासात झालं तर चालू ठेवू. नाही तर सोमवारपासून हे बंद, आणि ताई पॅकिंगला."

ताई पट्टी पुसत होत्या. मॅनेजर लांब जाईपर्यंत पुसत राहिल्या.

"पॅकिंगचं मला वावडं न्हाई, भाऊ," मग म्हणाल्या. "खोकं उघडायचं, भरायचं, चिकटपट्टी मारायची. पण तिथं दिसभर तोंड मिटून ऱ्हावं लागतंय. तुमी ऱ्हाल का?"

मी दुपारपर्यंतसुद्धा राहिलो नसतो. आणि हे सगळं मी केलं होतं, टाळ्या घेऊन केलं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी पुन्हा खाली गेलो.

पहिला उपाय मला वाटला सोपा. मी ताईंना म्हणालो, "मी तुम्हाला वेगळा कागद छापून देतो. सुंदर, सरळ. कोड राहू दे तसाच दाटीवाटीचा."

"म्हंजी मशीनला एक द्येणार अन् मला दुसरंच दावणार?"

"दोन्ही एकच हो. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहितो, तो यावरूनच कागद बनवेल."

"अन् त्यो प्रोग्रॅम चुकला तर?"

लातूरकडची खुदकन हसली.

"जे मशीनला जातंय त्येच मला पायजे," ताई म्हणाल्या. विषय संपला.

दुसरा उपाय म्हणजे ती 'हात लावू नकोस' टीप. मी वर आलो, आजूबाजूला कोणी बघत नाही असं पाहून ती हळूच लिहिली, कोड पाठवला. सर्व्हरने परत पाठवला. मी शिकवलेलं विसरला नव्हता. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी माझ्या पडद्यात डोकावून अतिशय आदराने म्हणाला, "राव, हा नियम कोणी केला हो? माणूस फार कडक दिसतोय." माझ्यासाठी नियम वाकवला असता तर दुसऱ्या दिवशी सहाही जणांच्या फाइलींवर टिपा उगवल्या असत्या. मी ती पुसली.

राहिला खरा मार्ग, तो म्हणजे फॉर्मॅटरचीच मोडतोड करून त्याला आपल्या वळणावर आणणं. त्याच्या आवडीनिवडी एका फाइलीत लिहिलेल्या असतात आणि ती फाइल सगळ्यांची सामाईक. त्यात काय काय बदलता येतं याची यादी मी बुधवारी उघडली. ती यादी म्हणजे लग्नातल्या रुसव्याफुगव्यांची यादी. अमक्या चिन्हाच्या आधी जागा हवी का, तमक्याच्या नंतर हवी का, दोघांच्या मध्ये नको का. दुपारी चहाच्या सुमाराला मला हवं ते सापडलं. एका ओळीत एकच तार ठेवायची सोय होती, आणि शेजारच्या ओळींतले रकाने एका रेषेत आणायचीही सोय होती. दोन्ही चालू केल्या. हात वर नेला, सवयच आहे, आणि सेव्ह केलं.

तारा आपापल्या ओळींत गेल्या. रकाने मात्र नागमोडी! लालच्या पुढचे आकडे उजवीकडे पळालेले, जांभळ्याच्या पुढचे डावीकडे घुसलेले. मी पुन्हा सेव्ह केलं. तसंच. एडिटर बंद करून उघडला. तसंच. गुरुवारी सकाळी डोकं धरून बसलो असताना लक्षात आलं, की वाकडेपणा फक्त रंगाच्या रकान्यापासून सुरू होतोय. आणि आमचे रंग मराठीत लिहिलेले आहेत.

ते मराठीत असायला कारण आहे. पूर्वी इंग्रजी होते, तेव्हा लाईनवरच्या पडद्यावर ब्लू आणि ब्लॅकचं पहिलं अक्षर बघून लोक पुढचं वाचायचेच नाहीत. निळा आणि काळा झाल्यापासून तो घोळ मिटला.

मी लॅपटॉप काखेत मारून खाली गेलो. ताईंना पडदा दाखवला.

"जांभळ्यापाशी असं का झालंय?" त्यांनी लगेच विचारलं.

मी बोटांवर मोजून दाखवलं. "आपल्याला जांभळ्यात अक्षरं दिसतात तीन. तो मोजतो सहा. ज, काना, अनुस्वार, भ, ळ, काना. पिवळा तीनच दिसतो, तो मोजतो पाच. तेवढी जागा भरली असं समजून पुढे मोकळी जागा कमी सोडतो."

ताईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजी वेलांटीला येगळा पाट मांडतोय व्हय त्यो?"

"हो."

"मांडीवरच्या पोराला कुणी येगळा पाट मांडतं का?"

"अन् लाल बिचारा तीनच पाटांत भागवतो बगा," लातूरकडची म्हणाली. "गरीब हाय."

त्या दोघी हसत सुटल्या. मला हसू येत नव्हतं. मात्रा अक्षरातच धर असं सांगणारी ओळ मी त्या अख्ख्या यादीत शोधली होती, ती नव्हती. शनिवार दोन दिवसांवर होता. मी हे सगळं त्यांना सांगितलं, जरा रडक्या आवाजात सांगितलं, आणि ताई अगदी सहज, पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "मग रंगाला कडंला बसवा की."

"म्हणजे?"

"पंगतीत एखादा ऐसपैस बसणारा असला तर आमी त्याला शेवटच्या पाटावर बसवतो. त्याच्या पलीकडं कुणी नसलं की कितीबी पसरू द्या. कुणाला धक्का लागत न्हाई."

आकडे आधी, रंग शेवटी. आकडे सरळ रांगेत बसतील आणि शेवटी रंग काय वाटेल तो गोंधळ घालेल, त्याच्यापुढे वाकडं व्हायला काही उरणारच नाही. मी अठ्ठावीस वर्षं प्रोग्रॅम लिहितोय.

"पण ताई," मी म्हणालो, "तुमचा पुकारा रंगापासून सुरू होतो. इतक्या वर्षांची सवय."

"माझं तोंड हाय, मी वळवीन. तुमच्या त्या यंत्राला वळता येत न्हाई, त्येला काय करायचं?"

शुक्रवारी मी तक्त्यातला रंग उचलून शेवटी नेला, प्रोग्रॅमलाही तो शेवटी वाचायला सांगितलं. त्याच गडबडीत ड्रॉइंग विभागातून फोन आला, दोन तारांच्या जागा बदलल्या होत्या, नमुन्याची जुडीही तशी बदलून आली होती, म्हणून तक्त्यातही बदलून टाकल्या. सेव्ह केलं. आकडे ओळंबा सोडल्यासारखे खाली उतरले. सर्व्हरने कोड चूपचाप घेतला. खाली जेवणाच्या सुट्टीत तालीम चालली होती, तिचा आवाज जिन्यातच ऐकू आला. "लाल... न्हाई, न्हाई, बारा! सव्वीस! दीड! ...लाल!" "ताई, तुमी आधी लाल म्हनला की माझं बोट जातंय ना!" पण तिसऱ्या वेळेपर्यंत त्यात लय आली. आकड्यांनी चढत जायचं आणि रंगावर सम गाठायची. ऐकायला आधीपेक्षा बरं वाटत होतं, हे मी तेव्हा बोललो नाही. दृष्ट लागायची.

शनिवारी मॅनेजर आले आणि म्हणाले, "बोट मी लावतो." आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. साहेबांनी नमुन्याची जुडी मांडीवर घेतली. फोन बाकावर ठेवला, स्टॉपवॉच चालू. लातूरकडची त्यांच्या मागे उभी. ताईंनी पट्टी ठेवली.

"बारा! सव्वीस! दीड! लाल!"

"आहे."

"मोठ्यांदा म्हना, सर. हिकडं कंप्रेसर हाय."

"हाय!" साहेब ओरडले, आणि आजूबाजूच्या चार मुलींनी माना वळवल्या.

पहिल्या दहा ओळी ते चाचपडले. मग त्यांचं बोट पळायला लागलं. बघता बघता ते पुढे वाकले, बाह्या वर केल्या, आणि ताईंचा रंग तोंडातून बाहेर पडायच्या आत "हाय!" यायला लागलं. मी घड्याळाकडे बघत होतो. अर्धा तक्ता झाला होता.

"एकतीस! एकोणसत्तर! अर्धा! निळा!"

साहेबांचं बोट एकोणऐंशीव्या भोकावर गेलं.

"सर, एकोणसत्तर," लातूरकडची मागून म्हणाली.

"सेव्हंटी नाइन ना?"

"सिक्स्टी नाइन हो."

साहेब लाजले, हसले, बोट मागे आणलं. आणि थांबले. "इथे काही नाहीये. भोक रिकामं आहे."

ताईंनी पट्टी न हलवता पुन्हा वाचलं. "कागदावर एकोणसत्तर. निळी तार कुठं जातीया, बगा."

साहेबांनी तार बोटाने माग काढत नेली. "फिफ्टी नाइन."

"एकोणसाठ," ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

काल फोनवर ड्रॉइंगवाला म्हणाला होता, निळी एकोणसाठला न्या. मी 'साठ' ऐकलं, 'एकोण'चा नऊ त्याच्यामागे लावला आणि एकोणसत्तर लिहून मोकळा झालो. मराठी शाळेत पाढे पाठ केलेला माणूस! साहेबही असेच चुकले, पण त्यांनी निदान ती चूक यंत्रात तरी लिहून ठेवली नव्हती.

"म्हणजे सोमवारी काय झालं असतं?" साहेबांनी विचारलं.

"सोमवारी प्रत्येक बरोबर जुडीवर भोंगा वाजला असता," मी म्हणालो. "मग मुलींनी निळी तार काढून एकोणसत्तरला घातली असती. मग हिरवा लागला असता. आणि चुकीच्या जुड्या खोक्यात."

त्यांनी मांडीवरची जुडी सावरली आणि म्हणाले, "पुढची ओळ घ्या, ताई."

उरलेला तक्ता सरळ गेला. संपल्यावर कळलं की मध्ये कोणाचा तरी फोन येऊन गेला होता आणि स्टॉपवॉच कुठे राहिलं ते साहेबांनाच माहीत नव्हतं. किती वेळ लागला हे कोणी विचारलं नाही. उठताना ते ताईंना म्हणाले, "पॅकिंगला मी दुसरं कोणी बघतो. तुम्ही इथेच." आणि मला म्हणाले, "तुम्ही आकडे कागदावर मागवत जा."

मी तिथेच उभ्या उभ्या लॅपटॉप उघडला, सहाचा पाच केला, सेव्ह केलं. एकही रकाना हलला नाही. माझ्या छातीवरून जे काही उतरलं त्याचं वजन मला मोजता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी चूक चारचौघांत पकडली गेली आणि मला नाचावंसं वाटत होतं.

दुपारच्या चहाला ताई माझ्या बाकावर येऊन बसल्या. इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खालीही येतो हे मला त्या दिवशी समजलं.

"भाऊ, खरं सांगा. ती चूक तुमी मुद्दाम टाकली ना?"

"नाही हो ताई. शपथ."

"माझ्यासाठी टाकली."

"ताई, मला खरंच एकोणसाठ येत नाही असं समजा."

"एवढा शिकल्याला माणूस," त्या म्हणाल्या, "अन् एकोणसाठ येत न्हाई व्हय?"

मी आणखी दोनदा शपथ घेतली. त्यांनी प्रत्येक वेळी मान डोलावली, पोरगं खोटं बोलतंय हे माहीत असताना डोलावतात तशी. मग आपल्या बशीतलं बिस्किट उचलून माझ्या बशीत ठेवलं.

"खावा," म्हणाल्या, "अन् पुढच्या टायमाला जरा अवघड टाका."